बाजूने एकही कागद नाही

अभिमन तायडे अर्ज लिहायचा. जळगावात कचेरीबाहेर कडुनिंबांची जी रांग होती, तिच्यातल्या तिसऱ्या झाडाखाली त्याचं टेबल, टेबलावर मराठी टायपिंगचं मशीन आणि मशीनवर टाकायला एक विटका टॉवेल. वीस-बावीस वर्षं तो तिथं बसला. आता तुम्ही म्हणाल, अर्जनवीस काय, कुठल्याही कचेरीबाहेर पैशाला पासरी मिळतात. मिळतात ना! पण साहेबानं हातात घेतल्यावर दुसऱ्या ओळीच्या पुढे वाचावा असा अर्ज लिहिणारे किती? अभिमनचे अर्ज साहेब लोक शेवटपर्यंत वाचायचे. का, तर तो त्यातलं रडणं काढून टाकायचा.

माणसं यायची ती थेट आज्यापासून सुरुवात करायची. शेजाऱ्यानं बांध कोरला एवढं सांगायला आधी त्या शेजाऱ्याच्या बायकोचा स्वभाव, मग तिच्या भावानं लग्नात घातलेला गोंधळ, मग डोळ्याला पदर. अभिमन सगळं ऐकून घ्यायचा, मध्ये तोडायचा नाही आणि मग खटाखट चार ओळी मारायचा. 'सामाईक हद्दीवर अतिक्रमण.' झालं काम. एखादा हिरमुसायचा, म्हणायचा, भाऊ, मी सांगितलं त्यातलं काहीच आलं नाही. अभिमन म्हणायचा, सगळं आलंय, फक्त साहेबाला समजेल असं आलंय.

हे कसब त्याला कोणी आयतं दिलं नव्हतं. बाप यावलकडे शेतमजूर. एखादं पत्र आलं तर ते वाचून घ्यायला गावभर हिंडायचा, आणि कोणी वाचलंच तर त्याला ओट्याखाली उभं ठेवून. त्या बापानं पोराला शाळेत घातलं तेव्हा एकच बोलणं केलं होतं: तुला लिहिता आलं तर ज्याला येत नाही त्याला परत पाठवू नको. अभिमननं ते पाळलं. निदान एक्क्याण्णव सालच्या फेब्रुवारीपर्यंत तरी पाळलं.

आधी त्याच्या घराचं सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मेहरूणच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला एक हाउसिंग सोसायटी झाली होती, चौसष्ट घरांची. बँकेतले, वीज मंडळातले, जिल्हा परिषदेतले, दोन-तीन मास्तर. अभिमननं तिथं घर घेतलं आणि बायकोला, मंदाबाईला, म्हणाला, आता आपण कॉलनीवाले. कॉलनीवाले! कॉलनीत बौद्धांचं घर हे एकच. तोंडावर कोणी कधी काही बोललं नाही. शिकलेली माणसं ती, तोंडावर कशी बोलतील? पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं मंदाबाईच्या दोन्ही बाजूंच्या घरांत जायचं आणि मधल्या दाराशी आलं की कसं कोण जाणे, वाट चुकायचं. मंदाबाई म्हणायची, आपल्याला ते करायचंच नसतं, मग वाईट कसलं वाटून घ्यायचं? असं म्हणायची आणि वाईट वाटून घ्यायची. अभिमन सोसायटीच्या प्रत्येक सभेला जायचा, मागच्या सतरंजीवर बसायचा, हात वर करा म्हटलं की हात वर करायचा. पाच वर्षांत त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

सोसायटीच्या पुढे दोन शेतं ओलांडली की बारा खोल्यांची एक लांब चाळ होती. सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्यानं ती मजुरांसाठी बांधली, पुढे त्याचा धंदा दुसरीकडे हलला आणि खोल्या रिकाम्या पडल्या. त्यानं ती जागा तोताराम गुरुजींच्या हवाली केली. गुरुजी म्हणजे पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर, टोपी-पायजम्यातले, जगात सगळं नीटच होणार असं धरून चालणारे. ज्यांना मागंपुढं कोणी नाही अशा म्हाताऱ्या माणसांना तिथं राहायला द्यायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात. वृद्धाश्रम म्हटलं की त्यांना राग यायचा. घर म्हणा, म्हणायचे. विहीर होती, खोल्या होत्या, राहायला येणारी अकरा माणसंही ठरली होती. अडलं ते इतकंच, की शहराच्या विकास आराखड्यात ती जमीन शेती विभागात होती. तिथं कायमची वस्ती करायची तर आराखड्यात फेरबदल पाहिजे. गुरुजींनी रीतसर मागणी केली, पालिकेनं रीतसर नोटीस छापली: सदर फेरबदलाबाबत कोणाच्या हरकती अगर सूचना असल्यास त्या एक महिन्याच्या आत लेखी कळवाव्यात.

नोटीस पेपरात आली आणि कॉलनी खडबडून जागी झाली. चेअरमन मोतीलालजी, बँकेतून रिटायर झालेले, त्यांच्या गच्चीवर सभा भरली. एवढी गर्दी पाणीटंचाईच्या सभेलाही झाली नव्हती. कोणी म्हणालं, रोज एक तिरडी आपल्या दारावरून जाणार. कोणी म्हणालं, मुलीला बघायला पाहुणे येतील आणि रस्त्यात खोकणाऱ्यांची रांग दिसेल. एका बाईनं तर आपल्याला आत्तापासूनच झोप लागत नाही असं सांगून टाकलं. गंमत बघा, बोलणाऱ्यांतले निम्मे स्वतः साठीला टेकलेले! पण तिरडी आणि खोकला हे अर्जात लिहायचं कसं, हा प्रश्न आला तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मग मोतीलालजींना मागच्या सतरंजीची आठवण झाली.

"तायडेसाहेब, तुम्ही पुढे या ना," ते म्हणाले.

तायडेसाहेब! मोतीलालजींच्या शेजारची खुर्ची कोणीतरी रिकामी केली. आतून चहा आला, तो सगळ्यांना आला होता तसल्याच कपात आला. अभिमननं हे सगळं बघून ठेवलं. बावन्न वर्षांचा बाप्या, दोन मुलींची लग्नं केलेला, पण त्या कपाकडे बघून त्याला भरून आलं, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. ज्याला तो कप कायम मिळत आलाय त्याला हे कळायचं नाही.

मग त्यानं आपलं कसब दाखवलं. तिरडीचं त्यानं केलं 'अरुंद रस्त्यावरील वाहतुकीवर पडणारा वाढीव ताण'. खोकल्याचं केलं 'सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने अनिष्ट'. झोपेचं केलं 'निवासी परिसराच्या शांततेचा भंग'. लोक खूश होऊन हसले. चौसष्ट घरांचे चौसष्ट वेगळे कागद करायचे, प्रत्येकाची भाषा थोडी बदलायची, म्हणजे एकाच हाताचे वाटणार नाहीत, हेही त्यानंच सुचवलं. तेवढ्यात कोणीतरी शंका काढली, गुरुजींच्या माणसांनीही बाजूनं लिहून दिलं तर?

"बाजूने एकही कागद जाणार नाही," अभिमन म्हणाला. "ती जबाबदारी माझी."

घरी चालत येताना त्याचा त्यालाच प्रश्न पडला, हे आपण कशाला बोललो? बोलायची गरज नव्हती. कोणी मागितलंही नव्हतं. पण मान मिळाला की माणूस असं एखादं वाक्य बोलून जातो, आणि मग ते वाक्य त्याच्या मानगुटीवर बसतं.

मुदत संपायला दहा दिवस राहिले असताना कुंदाबाई त्याच्या टेबलाशी आली.

कुंदाबाई म्हणजे पालिकेच्या शाळेतली शिपाईण. तिचा नवरा त्याच शाळेत शिपाई होता. तो अचानक गेला तेव्हा नवऱ्याच्या जागेवर तिला घ्यावं म्हणून जो अर्ज केला तो अभिमननं लिहिलेला. नोकरी लागली. मूलबाळ नव्हतं. शाळेच्या मागच्या खोलीत ती राहायची, घंटा वाजवायची, पोरांना पाणी द्यायची. आता ती रिटायर झाली होती आणि खोली उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकामी करून द्यायची होती. गुरुजींनी तिला चाळीतली विहिरीजवळची खोली सांगून ठेवली होती. तिनं ती जाऊन बघितली होती, झाडून काढली होती, कोनाड्यात काय ठेवायचं हेही ठरवलं होतं. वर्षाला एकदा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती अभिमनकडे सांजोऱ्या घेऊन यायची आणि म्हणायची, माझा भाकरतुकडा तुम्ही लिहून दिला.

त्या दिवशी तिच्या हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान होतं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अकरा नावं, तोताराम गुरुजींच्या अक्षरात. गुरुजींनी सगळ्यांना सांगितलं होतं, की एकेक कागद करून पालिकेत द्या. बाकीचे दहा जण म्हणाले होते, कुंदाबाईची अर्ज लिहिणाऱ्याशी ओळख आहे, तिलाच विचारून येऊ द्या.

"माले काही लिखी देनं पडी का, भाऊ?" तिनं विचारलं.

मशीनवर तेव्हा बावन्नावी हरकत चढलेली होती. अभिमननं टॉवेल मशीनवर ओढला. त्याला सगळं ठाऊक होतं. 'सूचना' ह्या शब्दाखाली बाजूची पत्रं देता येतात. तीन वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या जागेसाठी त्यानंच तशी चाळीस पत्रं करून दिली होती आणि त्या पत्रांनीच ते काम झालं होतं. अकरा कागद म्हणजे त्याला दोन तासांचं काम.

"ज्याची हरकत असेल त्यानं लिहायचं, बाई," तो म्हणाला. "तुमची हरकत नाही ना? मग तुम्ही कशाला लिहायचं?"

इतकं सोपं उत्तर, की कुंदाबाई हसलीच. तिला ते एकदम पटलं, आणि का पटू नये? गप्प बसणं म्हणजे कबूल असणं, हे ती माणसं जन्मभर धरून आलेली. पंगतीत बोलला नाही तो जेवून तृप्त, बैठकीत बोलला नाही त्याला सोयरीक मान्य. सरकार कबुलीही लिहून मागतं, हे त्यांना स्वप्नातही सुचलं नसतं. गुरुजी उगाच घाबरतात, असं काहीतरी ती म्हणाली, अभिमननं मान हलवली, आणि ते पान तिनं घडी घालून कमरेला खोचलं. तिथून ती बाकीच्या दहाही जणांकडे जाऊन सांगून आली, की काही करायचं नाही, मी विचारून आले.

दहा दिवस होते. दहा दिवसांत अभिमन केव्हाही उठून शाळेत जाऊ शकत होता, म्हणू शकत होता, बाई, माझं चुकलं, चला, करून टाकू. पहिल्या दिवशी तो म्हणाला, उद्या. दुसऱ्या दिवशी मोतीलालजी स्वतः झाडाखाली आले, स्टुलावर बसले, इतर गिऱ्हाइकांसमोर त्याला तायडेसाहेब म्हणाले, आणि उद्याचा परवा झाला. शेवटच्या दिवशी चौसष्ट हरकतींचा गठ्ठा घेऊन तो पालिकेत आवक बारनिशीच्या टेबलाशी उभा राहिला. कारकून ओळखीचा. त्याच्या रजिस्टरवरून अभिमननं वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. बाजूनं एकही कागद नव्हता. खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणाला त्याला बरं वाटलं. शब्द राखला गेला होता. मग पायऱ्या उतरताना मात्र त्याला घडी घालून कमरेला खोचलेलं ते कॅलेंडरचं पान आठवलं.

मार्चमध्ये सुनावणी झाली. पालिकेच्या सभागृहात पुढे समितीचे चार जण आणि नगररचनेचे अधिकारी, उजवीकडे कॉलनी, डावीकडे गुरुजी आणि त्यांची अकरा माणसं. ती माणसं धुतलेले कपडे घालून आली होती. एकानं तर कोट घातला होता, त्या उन्हाळ्यात! कुंदाबाई शेवटच्या बाकावर. अभिमन मोतीलालजींच्या शेजारी, पहिल्या रांगेत.

अधिकारी भला माणूस होता, हे सांगायला पाहिजे, नाहीतर सगळा दोष त्याच्यावर ढकलायचा मोह होतो. त्यानं कारकुनाला वाचायला सांगितलं. हरकती चौसष्ट. बाजूच्या सूचना नाहीत. गुरुजी उठले, म्हणाले, आमचे अकरा कागद आहेत, नीट बघा. कारकुनानं फाइल पुन्हा उलटली. नाहीत. गुरुजींनी मागे वळून आपल्या माणसांकडे बघितलं, अगदी वर्गात बघावं तसं, की कोणी गृहपाठ केला नाही. दहा जणांनी शेवटच्या बाकाकडे बघितलं.

कुंदाबाई उभी राहिली. अधिकाऱ्यानं तिला मऊ आवाजात विचारलं, की बाई, लिहायचं नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं का?

अभिमनला वाटलं, आता ही बोट दाखवणार. दाखवू दे, असंही त्याला वाटलं. दाखवलं तर एकदाचं सुटेन. आणि आपणच उठावं, आत्ता, हिच्या आधी, असंही वाटलं. त्याचे गुडघे जरा हललेसुद्धा. शेजारी मोतीलालजींनी त्याच्या मांडीवर सहज हात ठेवला, आणि तो बसून राहिला.

"कोनी नही, साहेब," कुंदाबाई म्हणाली. "मन्हीच चूक शे. माले समजनं नही."

तिनं अभिमनकडे बघितलंही नाही. अधिकाऱ्यानं सांगितलं, की ज्यांनी मुदतीत लेखी दिलंय त्यांचंच म्हणणं नोंदवता येतं, नियम तसा आहे, आणि खरोखरच त्याला वाईट वाटलेलं दिसलं. मग चौसष्टांपैकी सात-आठ जण बोलले. ताण, आरोग्य, शांतता. अभिमनचे शब्द अभिमनच्या समोर एकामागून एक उभे राहत होते आणि त्याला एकेका शब्दाची किळस येत होती. तीन आठवड्यांनी ठराव झाला: चौसष्ट हरकती व बाजूने एकही सूचना नाही हे पाहता फेरबदल नामंजूर.

मोतीलालजींच्या घरून पेढ्यांचा पुडा आला. त्याबरोबर निरोप, की वहिनींनाही घेऊन या ना एकदा. मंदाबाईनं पुडा सोडला, एक पेढा हातात घेतला आणि विचारलं, कशाचे? अभिमन म्हणाला, आपल्या कामाचे. कोणतं काम, ती म्हणाली. तेव्हा त्याला सांगावं लागलं, की तिकडच्या खोल्यांत म्हातारी माणसं राहायला येणार होती, ती आता येणार नाहीत. मंदाबाईनं पेढा परत पुड्यात ठेवला. तिला कुंदाबाईचं काहीच माहीत नव्हतं, तरी ठेवला. अभिमनला वाटलं, हिला सगळं सांगून टाकावं. पण सांगितलं तर ही त्या कॉलनीत एक दिवस राहणार नाही, हे त्याला माहीत होतं, आणि म्हणून त्यानं तेही सांगितलं नाही. पेढे मुंग्यांनी खाल्ले.

त्याचं काम बिघडलं. माणसं समोर बसून बोलायची आणि त्याला कशातून काय काढायचं ते उमगेना. पहिल्यांदाच आयुष्यात त्यानं कोणाचं तरी रडणं तसंच्या तसं टाइप केलं, दीड पान, आणि साहेबानं ते परत पाठवलं. संध्याकाळी घरी जाताना तो सायकल शाळेवरून घालायचा. मागच्या खोलीचं दार दिसायचं, बाहेर वाळत टाकलेलं लुगडं दिसायचं. तो ब्रेक दाबायचा, एक पाय टेकवायचा आणि पुन्हा पॅडल मारायचा. असं किती दिवस केलं त्यानं, सांगता येणार नाही. फाटकावर बसणारा वॉचमन त्याला नमस्कार करायला लागला होता, एवढं खरं.

आखाजीला आठ-दहा दिवस असतील. उन्हानं डांबर पाघळलेलं, कचेरीत चिटपाखरू नाही. कुंदाबाई आली आणि स्टुलावर बसली. अभिमननं तिला बघितलं आणि त्याला पळून जावंसं वाटलं. तिनं आधी पदरानं तोंड पुसलं, मग म्हणाली, की तिला त्याची माफी मागायची होती. त्यानं सांगितलं ते बरोबरच असणार. बावीस वर्षांत त्याचं सांगणं कधी चुकलं नव्हतं. तिच्याच डोक्यात ते उलटं शिरलं असणार, आणि तेच उलटं तिनं बाकीच्यांना सांगितलं. गुरुजी काही बोलले नाहीत. पण ते दहा जण आता रस्त्यात दिसले तर मान फिरवतात. त्यातला कोटवाला म्हातारा तर आता मंदिराच्या ओसरीवर झोपतो. सुनावणीत तिनं अभिमनचं नाव घेतलं असतं तर लोकांना वाटलं असतं, अभिमनभाऊनं चुकीचं सांगितलं. म्हणून तिनं ते घेतलं नाही.

अभिमननं मशीनवरचा टॉवेल उगाच सरळ केला.

ती ज्या कामाला आली होती ते काम पत्राचं होतं. साक्रीकडे तिचं माहेर, डोंगराच्या पायथ्याचं गाव. भाऊ राहिला नव्हता, भाचा होता, भटू. त्याला लिहायचं. आंतरदेशीय पत्र तिनं पोस्टातून आणलंच होतं. अभिमननं पेन काढलं, कारण घरच्या पत्राला मशीन लावायचं नाही असा त्याचा रिवाज. ती तिच्या बोलीत सांगत गेली आणि तो लिहीत गेला. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी येतात, तशी मीही येते. पण मी परत जाणार नाही. माझं जेवण थोडं आहे. धान्य निवडीन, लहान पोरं सांभाळीन, डोळे अजून चांगले आहेत. पडवीत झोपेन, खोली लागत नाही. पेन्शन येते, ती तुझ्या बायकोच्या हातात देईन. एवढी वर्षं मी आले नाही म्हणून राग धरू नको.

अभिमन लिहीत होता. त्यातलं एक अक्षर त्यानं काढलं नाही.

मग ती थांबली, जरा विचार केला आणि म्हणाली, आता हे लिहा. इथं अभिमनभाऊ तायडे म्हणून अर्ज लिहिणारे मोठे गृहस्थ आहेत. त्यांनी मला सख्ख्या बहिणीसारखं सांभाळलं. माझं काही कमीजास्त झालं तर ते बघायला येतील.

हात आपला सवयीनं चालत होता. ती ओळ लिहून झाली तेव्हा कुठे ती त्याला दिसली. त्यानं पेन खाली ठेवलं.

"बाई, तुम्हाला समजलं होतं ते बरोबर होतं," तो म्हणाला. "मीच खोटं सांगितलं. लिहावं लागतं हे मला माहीत होतं. कॉलनीत मी शब्द देऊन बसलो होतो."

कुंदाबाईला ते लगेच कळलं नाही. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग मशीनकडे, मग पुन्हा तोंडाकडे. कळलं तेव्हा तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"तुम्ही माले बुडाडं, भाऊ," ती म्हणाली.

ओरडली नाही. ओरडली असती तर अभिमनला बरं वाटलं असतं. मग म्हणाली, त्या दहा जणांना तिनं तिच्या तोंडानं सांगितलं होतं, ते तोंड आता ती कुठे लपवणार? एवढं बोलून ती रडली. अभिमनही रडला, भर दुपारी, रस्त्यावर, टेबलाला कोपरं टेकवून. समोरचा रसवंतीवाला बघत होता, त्याची त्याला शुद्ध नव्हती. तो म्हणाला, मी गुरुजींकडे जातो, पालिकेत जातो, माझ्या नावानं लिहून देतो की मी फसवलं. तिनं डोळे पुसले आणि अगदी सरळ विचारलं, की मग खोल्या मिळतील का? आणि ज्याला सगळे नियम पाठ होते त्याला सांगावं लागलं, की नाही मिळणार. ठराव झाला. पुन्हा मागणी, पुन्हा नोटीस, पुन्हा महिना, म्हणजे वर्ष-दोन वर्षं तर कुठेच गेली नाहीत. शाळेची खोली तिला पंधरा दिवसांत सोडायची होती.

तिनं मान हलवली. अभिमननं पत्र पुढे ओढलं आणि ती शेवटची ओळ खोडायला पेन टेकवलं. कुंदाबाईनं कागदावर हात ठेवला.

"राहू द्या ते," ती म्हणाली. "भाचा वाची, त्यान्ही बायको वाची. जळगावमा मन्हा मांगे कोनी तरी शे, आसं वाटू द्या त्यासले."

अभिमननं ओळ राहू दिली. ती म्हणाली, खाली तुमचं नाव लिहा, घराचा पत्ता लिहा, पूर्ण. त्यानं लिहिलं. मग तिनं सगळं पत्र वाचून दाखवायला सांगितलं. तो वाचत गेला, पडवीपर्यंत आला, पेन्शनपर्यंत आला, आणि त्या ओळीशी अडला. ती थांबली. घाई केली नाही, सूटही दिली नाही. त्यानं वाचलं, की त्यांनी मला सख्ख्या बहिणीसारखं सांभाळलं. तेवढी एक ओळ भाच्याला नीट लागेल ना, म्हणून तिनं ती त्याच्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतली.